मानाचा क्रम

गायरान लाटून उभारलेल्या कारखान्याच्या भूमिपूजनाला आपण गेलोच नव्हतो, असं माजी मंत्र्यांचं म्हणणं होतं. त्यांचे वकील साक्षीदाराला, म्हणजे त्या सोहळ्याचे निवेदक खिलारे गुरुजींना, सोलून काढत होते.

“फोटो आहे? पत्रिका आहे?”

“नाही, साहेब.”

“मग अकरा वर्षांपूर्वीचं आठवतं कसं? खोटी साक्ष दिलीत तर आत जाल, गुरुजी!”

गुरुजींना घाम फुटला. पण तीस वर्षांत त्यांच्याकडून व्यासपीठावरचं ना एक नाव सुटलं होतं, ना मानाचा क्रम चुकला होता. त्यांनी घसा खाकरला आणि समोर माईक असल्यासारखी सुरुवात केली. “व्यासपीठावर विराजमान दूध संघाचे संचालक सन्माननीय आवटेअण्णा, सरपंच सन्माननीय धोंडेपाटील, त्यानंतर आपले लाडके मंत्रिमहोदय...”

“त्यानंतर?” आरोपीच्या पिंजऱ्यातून माजी मंत्री गरजले. “अहो, आवटेच्या आधी माझं नाव घेतलं होतंत! नारळसुद्धा मीच फोडला!”

वकील मटकन खाली बसले. गुरुजींनी कान पकडले. “चुकलो, साहेब!”

न्यायाधीश स्टेनोकडे वळले. “लिहा,” ते गंभीरपणे म्हणाले, “आरोपी हजर होते. आणि त्यांचं नाव पहिलं होतं.”