बार्नीचं पान

"बार्नीचं आडनाव काय लिहू?" सुनेत्रानं लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं.

नोराआजी म्हणाल्या, साठ वर्षं मी चर्चला नुसतं बार्नीच लिहून देतेय. फादरनी कधी आडनाव विचारलं नाही, मग तुझ्या त्या ऑस्ट्रेलियाच्या कचेरीला कशाला हवं?

कचेरीला हवं होतं खरं, पण नसलेलं आणणार कुठून? सुनेत्रानं रकाना रिकामा ठेवला, पण तिच्या जिवाला चैन पडेना. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात तिचं कामच मुळी नोंदवह्या तपासायचं. 'लिहिलं नाही ते घडलं नाही' हा तिथला मंत्र, आणि रिकामा रकाना म्हणजे महापाप.

नागपूरची ही पोरगी नोराआजींच्या घरी भाड्यानं राहायची. मार्च २०२० मध्ये तिनं बॅगा आणून टाकल्या आणि आठवड्याभरात सगळा देश बंद. नव्वदीला टेकलेली घरमालकीण आणि अठ्ठावीसची भाडेकरू, दीड वर्ष एकाच केटलीतला चहा पीत बसल्या. अशानं माणसं एकतर भांडतात, नाहीतर घरची होतात. या दोघींनी दोन्ही केलं.

त्या चहातच एकदा बार्नीचा विषय निघाला. नोराआजींचे वडील पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या फौजेत होते. इंग्रजांशी लढून स्वतंत्र झालेल्या आयर्लंडमध्ये ते मिरवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी जन्मभर तोंड शिवून घेतलं. १९६१ साली मरताना, तापात, एकदाच बोलले. १९१७ मध्ये पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्यांच्या मांडीत गोळी घुसली. ऑस्ट्रेलियाच्या बार्नीनं त्यांना पाठीवर घेऊन तीन मैल मागे आणलं. त्याच्या स्वतःच्या खांद्यात गोळी होती. औषधपाण्याच्या तंबूपाशी पोचला आणि कोसळला. दोघांना दोन वेगळ्या रुग्णालयांत नेलं, त्यानंतर भेट नाही.

"माझ्यापायी गेला तो, नोरा," एवढं म्हणून वडिलांनी डोळे मिटले.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात, मृतांच्या नावांची यादी चर्चला देतात तीत, वडिलांच्या नावाखाली बार्नीचं नाव. पण आजींना तेवढ्यानं समाधान नव्हतं. बार्नी त्या रुग्णालयात बरा झाला की मेला, हे त्यांना कळायला हवं होतं. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितल्यापासून तर त्यांना घाईच झाली होती. "पुढच्या वर्षी त्या यादीत माझं नाव असायचं," त्या म्हणायच्या. "वर गेल्यावर बाबांना काय सांगू?"

झालं. सुनेत्रानं कंबर कसली. इजिप्तमधल्या ऑस्ट्रेलियन लष्करी रुग्णालयांच्या जुन्या नोंदवह्या तिनं रोज कामावरून आल्यावर चाळल्या. हॉटेलांच्या नाचघरांत मांडलेल्या खाटा, कुणाची गोळी काढलेली, कुणाला क्विनाइन, कुणाला जहाजात घालून सिडनीला धाडलेलं. बावीस बार्नी सापडले. एकाचं अपेंडिक्स, एकाला गालगुंड. खांद्यात गोळी मात्र एकाच्याही नाही. तेव्हा कुठे तिनं थेट ऑस्ट्रेलियाच्या युद्धनोंदींच्या कचेरीला अर्ज लिहिला.

उत्तराची वाट बघता बघता सर्वपित्री आली. फोनवर आई म्हणाली, ज्याची तिथी ठाऊक नसते त्याचं सर्वपित्रीलाच करतात, वाढ की एक पान त्या बिचाऱ्याच्या नावानं. सुनेत्रानं खीर केली, वडे तळले आणि बार्नीचं पान मागच्या अंगणात ठेवलं. कावळा काही फिरकला नाही. एक दांडगा समुद्रपक्षी आला आणि सगळे वडे घेऊन पसार झाला. नोराआजी तेवढा वेळ थंडीत हात जोडून उभ्या होत्या. आत येऊन म्हणाल्या, बार्नी नक्की वाचला असणार, मेलेलं माणूस इतकं हावरट नसतं.

नोव्हेंबर उजाडला. यादी द्यायच्या आदल्या सकाळी ऑस्ट्रेलियाहून मेल आली. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं की आपण इतके दिवस चुकीच्या रुग्णालयात शोधत होतो, तुमचा बार्नी शेजारच्या रुग्णालयाच्या वहीत निघाला. आडनाव नाहीच, पण तारीख जुळते, आणि त्यानं आणलेल्या जखमी शिपायाचं नाव तर अक्षर न् अक्षर जुळतं. खाली एक हसरा चेहरा काढला होता आणि नोंदीचा फोटो जोडला होता.

सुनेत्राला आधी आपण एकटीनं वाचून घ्यावं असं वाटलं. वाईट असलं तर? पण आजींनी तिचा हात घट्ट धरला.

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "जे असेल ते असेल. एकही रकाना गाळू नकोस."

सुनेत्रा वाचू लागली. अक्षर तिरकं होतं, पण तिला सवय होती. खांद्यातून गोळी काढली. चौथ्या दिवशी ताप उतरला. भूक उत्तम. मदतनिसाला दोनदा चावला.

"चावला?" आजी हसायलाच लागल्या. "शाब्बास रे माझ्या राजा."

बेचाळीस दिवसांनी पूर्ण बरा.

नोराआजी रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या. सुनेत्राचेही डोळे वाहायला लागले. मग आजींनी वडिलांच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून सांगितलं, "बाबा, ऐकलंत? तुमचा बार्नी ग्रँड होता, अगदी ठणठणीत. तुमच्यापायी कुणी गेलं नाही." एवढा आनंद त्या घरानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आजींनी नाक पुसलं, खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, "हं, पुढे वाच. दिसायला कसा होता, लिहिलंय का काही?"

लिहिलं होतं. सुनेत्रानं डोळे पुसले आणि शेवटचा रकाना वाचला, "रंग तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका, चारही पायांना नवे नाल ठोकून कामावर परत."