पोती आणि पोरं

सिमेंटची पोती मुकाट वाहणारी इलाही मिस्त्रींची इलेक्ट्रिक व्हॅन, मागच्या नव्या सीटवर शाळेची पोरं बसताच जागची हलेना.

"अगं, पोत्यांपेक्षा वजन कमीच हाय की!" मिस्त्री वैतागले.

"पोतं फुटलं तर दुसरं आणता येतं," व्हॅन म्हणाली. "तुम्ही सीटचे बोल्ट नुसत्या तळाच्या फळीत मारलेत."

खरंच होतं. खालच्या बॅटरीला ड्रिल लागेल या भीतीने त्यांनी तसं केलं होतं. पोरांना उतरवून त्यांनी सीट काढल्या आणि बॅटरी चुकवून लोखंडी चासीला जखडल्या.

"आता आधी तुम्ही मागे बसा. पट्टा लावा," व्हॅन म्हणाली.

मोकळ्या रस्त्यावर व्हॅन सुसाट सुटली आणि करकचून थांबली. सीट तसूभरही सरकली नाही.

मिस्त्री घाम पुसत हसले. "बाई, तू माझ्या उस्तादाच्या वरताण निघालीस!"

व्हॅन परत आली आणि तिने पोरांसाठी आपणहून दार उघडलं.