खोडलेलं नाव

तेविसाव्या पानावर उदयचा हात थांबला. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी लगेच विचारलं, "काय झालं?"

काही नाही, असं पुटपुटत त्याने पान उचलून चेहऱ्यासमोर धरलं.

फाईल सकाळच्या पोस्टाने आली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ब्रिटिश सैन्याने त्याला घरी पाठवलं, तेव्हाचे सगळे कागद तिच्यात होते. पंचविशीतला कॉर्पोरल, सहा वर्षांची नोकरी, एक लाल शेरा नाही. एका मंगळवारी त्याला ऑफिसात बोलावलं, कुणी शत्रूला विचारणार नाही असले प्रश्न दोन तास विचारले, कपाट उपसलं आणि पुरुष आवडणाऱ्यांचं इथे काम नाही असं सांगून गेटबाहेर काढलं. तेव्हा नियमच तसा होता. आता सरकारने माफी मागितली होती आणि अर्ज केला तर दाखल्यावरचं ते कारण बदलून मिळणार होतं.

उदयला अर्ज करायचाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या घराचं आजवरचं धोरण. लेस्टरमधल्या सगळ्या मराठी मंडळींना बाबांनी, म्हणजे कमलाकररावांनी, सांगून ठेवलं होतं, की मुलाची पाठ धरली म्हणून त्याने सैन्य सोडलं. त्या पाठीपायी बिचाऱ्याला मंडळाच्या गणपतीत साधी खुर्चीसुद्धा कुणी उचलू देत नसे. आणि तेच बाबा, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, गेलं वर्षभर त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. अर्ज नंतर कर, आधी फाईल मागव. अर्जाला फाईल लागत नाही, असं उदयने दहादा सांगितलं. बाबांनी अकराव्यांदा त्याच्यासमोर कागद आणि पेन आणून ठेवलं.

शेवटी त्याने फाईल मागवली, ती एकाच गोष्टीसाठी. सांगितलं कुणी, ते त्याला पाहायचं होतं.

खरं तर त्याला ते ठाऊक होतं. बराकीत त्याचं गुपित एकट्या गॅरेथला माहीत होतं आणि गॅरेथवर त्याचा जीव होता. उदयला काढल्यावर गॅरेथची अकरा पत्रं या घरी आली. पहिलं बाबांनीच पायपुसण्यावरून उचलून आणलं होतं आणि कोण हा, असं विचारलं होतं. ज्याने माझी नोकरी घालवली तो, असं उदय म्हणाला. बाबा काही बोलले नव्हते. अकराही पत्रं उदयने न फोडता परत पाठवली. पुढे त्याने कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. गॅरेथ आता मिल्टन कीन्सला असतो, एकटाच असतो, एवढं मध्यंतरी कानावर आलं होतं.

तेविसाव्या पानावर एक पत्र होतं. हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. सांगलीच्या शाळेत छडी खाऊन घोटवलेलं गोल, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर.

आदरणीय साहेब, मुलगा आपल्या हाती सोपवला आहे. आपण त्याला वडिलांच्या जागी. नाशिकची चांगली मुलगी पाहिली आहे, पण हा फोनवर म्हणतो, मला मुली आवडत नाहीत. आमचं ऐकत नाही, आपल्या शिस्तीत आहे, आपलं ऐकेल. दोन शब्द खडसावून सांगावेत, हवं तर दोन फटके द्यावेत, आणि त्याला लग्नाला तयार करावं, ही विनंती. आपला आज्ञाधारक.

खाली सहीच्या जागी काळी जाड पट्टी. दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर ते खोडूनच कागद पाठवायचे, अशी त्यांची पद्धत. समासात साहेबांनी एवढंच लिहिलं होतं : चौकशी करा.

 उदयला ते पान बाबांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. शाळेतल्या हेडमास्तरांना चिठ्ठी द्यावी तशी कमांडिंग ऑफिसरला चिठ्ठी! आणि त्या एका चिठ्ठीपायी नोकरी गेली ती गेलीच, पण गॅरेथ...

त्याने पानाच्या कडेवरून पाहिलं. बाबा पुढे वाकून बसले होते. हात काठीवर, नजर त्या पानावर. आई गेल्यापासून घरात दोघंच होते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं, ते उदयने त्यांच्यापासून लपवलं होतं. माणसाने किती दिवस जगायचं, आणि त्यातले किती हे डोक्यावर घेऊन?

"नाव आहे का त्यात?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. नाव ब्लॅक-आउट केलंय."

"मग कळलं नाही तुला, कोण ते?"

उदयने पान उलटं करून फाईलखाली सरकवलं.  अठ्ठावीस वर्षं ज्याला दोषी धरलं, त्याला आणखी थोडे दिवस धरलं तर काय बिघडणार होतं?

"कळला," तो म्हणाला. "गॅरेथच होता. आय वॉज राइट."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. काठी टेकवून ते कसेबसे उठले, टेबलापाशी आले आणि फाईलखालचं पान ओढून त्यांनी त्याच्यासमोर सरळ करून ठेवलं.

"त्या पोराचं नाव घेऊ नकोस," ते म्हणाले. "खरं काय ते माझ्या तोंडून निघेना, म्हणून फाईल मागव म्हणत होतो."