बाळाचे मोजे

दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला, तेव्हा पॅकिंगवाल्याच्या हातातल्या कासवाला अर्धा मोजा चढवून झाला होता.

बायको तपासणीला गेली होती. डॉक्टरकडे गर्दी असते, दुपार सहज मोडेल, हा त्याचा अंदाज साफ चुकला. त्याने हातातलं कासव टबात टाकलं, टबावर चादर ओढली आणि सुटकेसचं झाकण पाडलं. टेबलावर मोज्यांचा ढीग तेवढा राहिला. इवलेसे, लोकरीचे, पिवळे, पांढरे, आकाशी.

बायको दारातच थबकली. पहिलं मूल पोटातच गेल्यापासून हा माणूस बाळाचा विषय काढू देत नव्हता. ती म्हणायची, "अहो, पाय मारतंय, हात ठेवून बघा ना," की याला नेमकं बाहेरचं काम आठवायचं. आणि आज हे! तिचे डोळे भरून आले.

"एवढे?" डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "अहो, आपल्याला बाळ होणार आहे, गोम नाही."

तोही हसला. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं. इतकी खुश ती कितीतरी दिवसांत दिसली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने ढिगातून हाताला लागला तो मोजा उचलून गालाशी नेला. मोजा जड होता. तोंडाशी चिकटपट्टी गुंडाळलेली. आत काहीतरी हललं, थांबलं आणि पुन्हा नेट लावून ढकलू लागलं.

तिने टबावरची चादर ओढली. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली कासवं एकमेकांवर चढत होती.

"मालकाचं काम आहे," तो घाईघाईने म्हणाला. "जंगलातून चोरून आणतात, परदेशात विकतात. मोज्यात घातलं की फारसं हलता येत नाही, विमानतळावर कुणाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी माणूस बॅग न्यायला येईल. तयार नसली तर मालक मला दारात उभं करणार नाही. आता बाळ येणार, म्हणून..."

"वाटेत मरत नाहीत?"

"काही मरतात. मालक ते धरूनच चालतो."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. बायको खुर्चीत बसली. रडली नाही, भांडली नाही. तिने त्याचा हात ओढून घेतला, तो मोजा तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"पोटात असंच वाटतं," ती म्हणाली. "अगदी असंच."

सकाळपासून त्याने किती कासवं बांधली असतील, पण सगळं लक्ष मोज्याच्या तोंडाकडे आणि पट्टी घट्ट बसली की नाही याकडे. आत कुणीतरी पाय मारतंय, हे आत्ता कुठे हाताला कळत होतं.

"अगं, तो माणूस येईल ना," तो पुटपुटला. पण त्याच्या अंगठ्याचं नख चिकटपट्टीचं टोक शोधू लागलं होतं.