यादीतलं नाव

विधानसभेच्या निवडणुकीत पंचाऐंशीच्या पुढच्या मतदारांचं मत घरी जाऊन घ्यायचं काम आम्हा पाच जणांकडे होतं. मतदार घरी सापडला नाही, तर आणखी एकदाच जायचं, असा नियम.

शेवगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर मंगळवारी गेलो, तर आक्काबाईंच्या दाराला बाहेरून कडी. "आक्काबाई कचरू साळवे" असं यादीतलं पूर्ण नाव घेऊन आम्ही आळीपाळीनं हाका मारल्या आणि परत फिरलो.

गुरुवारी पुन्हा गेलो, तेव्हा आजी सतरंजी अंथरून वाटच बघत होत्या. पुठ्ठ्याच्या आडोशाला बसून नऊ उमेदवारांच्या मतपत्रिकेवर त्यांनी सावकाश खूण केली, पाकीट चिकटवलं, अंगठा दिला.

निघताना मी विचारलं, "आजी, मंगळवारी कुठं होता? किती हाका मारल्या आम्ही."

"ह्या समोरच्या गोठ्यात हुते की. समदं ऐकू येत हुतं."

"मग ओ का नाही दिली?"



"दारात माझ्या नावानं हाका लई वर्सांनी ऐकल्या, सायेब. ओ दिली असती तर थांबल्या असत्या."