खांबावरची करंगळी

वाटणीत रस्त्याकडेची जमीन धाकट्या दिराला गेली. त्यातली थोडी विकून त्यानं आमच्या मुठा गावात उन्हाळ्यापुरतं लाकडी घर बांधलं. पुढं गोल खांबांची ओळ, खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं, वर त्रिकोणी कपाळपट्टी. शेजारी आमचं पत्र्याचं घर. माझा नुसता जळफळाट झाला.

वास्तुशांतीला जाऊबाई स्नेहल हळदीची वाटी घेऊन आली. "आक्का, तुमी थोरल्या. खांबावर पयला हात तुमीच उमटवा."

"न्हाई जमायचं. हात दुखतोय." मी मूठ आवळून बसले. त्या खांबाला मी बोटसुद्धा लावलं नाही.

जेवून बाहेर आले, तर मधल्या खांबावर पिवळा पंजा. करंगळी अर्धीच. चारा कापायच्या कडबाकुट्टीत माझी तुटली तेवढीच गायब.

पदर ओला करून घासला. निघेना. पंजा पॉलिशच्या आत होता, लाकडात.

"शेवटी उमटवलाच की, आक्का!" मागून स्नेहल हसली.

माझी मूठ पुन्हा आवळली होती, ती उघडली. तळहातावर एकही रेष राहिली नव्हती. घाबरून परत मिटायला गेले, तर बोटं नव्या दारासारखी करकरली.