किल्ली मावशींकडे

"पुन्हा नुसता गाळ!" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता केतकी पुटपुटली. साखर कारखान्याच्या सांडपाण्यातल्या एका जिवाणूचं विकर, म्हणजे एन्झाइम, तिला स्फटिकरूपात हवं होतं. स्फटिक मिळाला, तर क्ष-किरणांनी त्याची रचना कळणार आणि आज जहाल आम्लं ओतून होणारं औषध उद्या त्या विकराच्या मदतीने साध्या पाण्यात करता येणार. दोन वर्षं ती सकाळ-संध्याकाळ थंड खोलीतून ट्रे काढून त्यातले विकराच्या द्रावणाचे थेंब न्याहाळत होती. पुढच्या महिन्यात क्ष-किरण यंत्रावर तिची पाळी होती. ती हुकली की तिचे मार्गदर्शक सर प्रकल्पच गुंडाळणार होते.

अशात बहिणीचं लग्न आलं. निघताना तिने खोलीची किल्ली प्रयोगशाळा झाडणाऱ्या हौसामावशींना दिली. "रोज दोनदा काढून बघा हं, मावशी. थेंब सुकायला नकोत."

"बघते की. तू जा, नाच जरा."

बारा दिवसांनी हातावरची मेंदी फिकी व्हायच्या आत ती परतली. तिसऱ्या थेंबात मोहरीहून कितीतरी बारीक, पण धारदार कडांचं काहीतरी लखलखत होतं. केतकीला रडूच फुटलं.

"मावशी, रोज बघितलंत ना?"

"एकदाबी न्हाई. कुलूपच काढलं न्हाई. पेरलेलं रोज उकरून बघितलं, तर उगवंल कसं, पोरी?"

केतकी ओशाळून हसली. स्फटिक अजून वाढायला हवा होता. तिने किल्ली पुन्हा मावशींच्या हातात ठेवली. "तीन आठवडे द्यायची नाही. मी मागितली तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती हजर. "मावशी, किल्ली... एकदाच. लांबूनच बघते."

मावशी फरशी पुसत राहिल्या. "कसली किल्ली?"